पहिला बोया, पहिली दोरी: फ्रीडायव्हिंगच्या सरावासाठी सुरक्षित जुळणी

फ्रीडायव्हिंगचा, म्हणजे टाकीशिवाय, श्वास रोखून पाण्यात खोल बुडी मारण्याचा, पहिला कोर्स झाला की बहुतेकांचा जीव लांब फिन्समध्ये अडकतो. फिन्स उसन्या मिळतात, मास्कही मिळतो. बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारा आधार, आणि त्याखाली टोकाला वजन लावून सोडलेली दोरी मात्र स्वतःला पारखता आणि बांधता आली पाहिजे. पाण्यात उतरल्यावर तुमची आणि तुमच्या जोडीदाराची सगळी भिस्त त्यांच्यावरच असते. हे मार्गदर्शन कोर्स केलेल्या आणि २० मीटरच्या आत सराव करणाऱ्या नवख्यांसाठी आहे. कोर्स केला नसेल तर आधी तो करा. बेशुद्ध माणसाला पाण्यातून वर कसं आणायचं, हे वाचून येत नाही.

बुडी सुरळीत झाली तर कुठलीही दोरी चालून जाते. आपण जुळणी करतो ती एका वेगळ्याच अर्ध्या मिनिटासाठी: खालच्याची शुद्ध हरपली आहे आणि वर एकटा जोडीदार आहे. बोया केवढा, दोरी कसली, वजन किती, गाठ कोणती, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्या वरच्या माणसाला काय लागेल, यावरून काढायचं. माझ्या मते निवडीची दुसरी कसोटी नाही.

हे अर्धं मिनिट बहुधा कुठे येतं, तेही ठाऊक हवं. १० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथून वर येताना तो निम्मा होतो आणि फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही त्याच्याबरोबर कोसळतो. खाली पुरत असलेला ऑक्सिजन वर येता येता अचानक अपुरा पडतो. म्हणून शुद्ध हरपण्याचे प्रकार बहुतेक वेळा शेवटच्या १० मीटरांत होतात, किंवा डोकं पाण्याबाहेर आल्यावर काही सेकंदांनी. म्हणजे नेमके बोयाजवळ.

बोया: आधी हिशेब, मग खरेदी

एक लिटर हवा पाण्यात साधारण एक किलो भार उचलते. आता भार मोजू. दोरीच्या टोकाचं वजन पाण्यात साडेपाच किलोच्या आसपास धरा (ते कसं, ते पुढे येईल). बोयावर छाती टेकून दोघं लटकले, तर खांदे, डोकं आणि हात पाण्याबाहेर राहतात. माणशी १२ किलो धरले तरी २४ झाले. एकाने दोरी जोरात खेचली तर आणखी सात-आठ किलो. बेरीज ३७-३८ वर जाते. थोडी जागा राखून ठेवायची म्हटलं, तर ४५ ते ५० लिटरपेक्षा लहान बोया मी दोघांच्या सरावासाठी घेणार नाही.

विकतच्या बोयावर आकारमान लिहिलेलं नसेल तर स्वतः काढा. गोल कड्यासारख्या बोयाचं गणित सोपं आहे. समजा बाहेरचा व्यास ७० सेंटिमीटर आणि नळीची जाडी २०. नळीच्या मध्यावरून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास ५० झाला, त्याचा परीघ १५७ सेंटिमीटर. नळीच्या छेदाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. दोन्हींचा गुणाकार ४९ हजार घन सेंटिमीटरच्या पुढे जातो, म्हणजे ४९ लिटर. मोटारीच्या टायरची फुगवलेली ट्यूब बऱ्याचदा याच्या आसपास भरते.

आकारमान पुरेसं असूनही बोया वाईट असू शकतो. तो पाण्यात बसका आणि रुंद हवा. वर आलेला माणूस दमलेला असतो, हात वर उचलून काही पकडण्याइतकं त्राण त्याच्यात नसतं. पकडायच्या मुठी पाण्याच्या पातळीलगत आणि चारही बाजूंना असाव्यात, म्हणजे कुठूनही वर आलं तरी हाताला काहीतरी लागतं. उंच, अरुंद बोया एका बाजूने भार आला की कलंडतो. पाण्यातल्या शिकारीसाठी मिळणारे निमुळते फ्लोट माग दाखवायला उत्तम असतात, पण दोघांना आधार द्यायला ते पुरत नाहीत. झाकणबंद प्लॅस्टिकच्या कॅनचं तेच. कॅन तरंगतो खरा, पण ओल्या हाताला त्यावर पकड मिळत नाही.

ट्यूबपासून घरी बनवायचा असेल तर जाड कॅनव्हासचं किंवा नायलॉनचं खोळ शिवून घ्या. व्हॉल्व्हची धातूची नळी आतल्या बाजूला वळवून तिच्यावर कापडाची टोपी चढवा, नाहीतर ती पोटाला आणि वेटसूटला ओरखडे काढते. मधल्या भोकाला खालून जाळी लावली की पाण्याची बाटली, शिट्टी, जादा दोरी तिथे राहते. सगळ्यात महत्त्वाची शिवण पट्ट्यांची. दोन रुंद पट्टे बोयाच्या खालून पूर्ण आडवे न्या, मध्यावर एकमेकांना छेदू द्या आणि त्या छेदावर दोरीची कडी बसवा. कडी नुसती खोळाच्या कापडाला शिवली, तर एके दिवशी ती कापडासकट हातात येईल.

ट्यूबमध्ये हवेचा कप्पा एकच असतो, ही तिची खरी उणीव. एक काटा लागला की सगळं वजन खाली चाललं. त्यासाठी खोळाच्या आत बंद पेशींच्या फोमचे तुकडे भरा, किमान तळवजन (दोरीच्या टोकाचं वजन) एकट्याने तरंगवतील इतके. आणि भर उन्हात ट्यूब टम्म फुगवून ठेवू नका. हवा तापून फुगते आणि शिवण उसवते.

दोरी: धागा, जाडी, खुणा

इथे गिर्यारोहणाची सवय असलेले फसतात. गिर्यारोहकाची डायनॅमिक दोरी पडणाऱ्याला झेलताना ताणली जावी अशी बनवलेली असते. आपल्याला हवी त्याच्या अगदी उलट: कमी ताणाची, स्टॅटिक प्रकारची. ताणणाऱ्या दोरीवर वजन खाली-वर नाचत राहतं आणि खोलीच्या खुणा खोट्या ठरतात.

पॉलिएस्टर माझी पहिली पसंती. ते पाण्यात बुडतं, कमी ताणतं, ओलं झालं तरी ताकद टिकवतं. नायलॉन मजबूत असतं, पण जास्त ताणतं आणि भिजल्यावर आक्रसतं. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आणि पाण्यापेक्षा हलकं. सैल पडलं की त्याचे वेढे पृष्ठभागावर तरंगायला लागतात, नेमके पायांच्या आणि फिन्सच्या आसपास. बोया होडीला बांधायला ते चालेल, बुडीच्या मुख्य दोरीला नको.

जाडी १० किंवा ११ मिलिमीटर. आठच्या खाली गेलात तर ताकद पुरेल, पण हात पुरणार नाही. थंडीने आकडलेल्या, सुरकुतलेल्या बोटांनी बारीक दोरीवर भार ओढून पाहा. ती तळव्यात रुतते आणि माणूस मनात नसतानाही ढिली सोडतो. रंग पांढरा किंवा भडक. निळी-हिरवी दोरी गढूळ पाण्यात दोन हातांवरून दिसत नाही.

लांबी ठरवलेल्या खोलीपेक्षा पाच-सात मीटर जास्त ठेवा आणि मोजा ती ओली असताना. रात्रभर भिजवा, टोकाला तळवजन लटकवा आणि ताणलेल्या दोरीवर खुणा करा. शून्य पाण्याच्या रेषेवर येतो, बोयाच्या कडीवर नाही. कडी पाण्याखाली वीतभर असेल तर तेवढं धरूनच मोजायला लागा.

खुणा कशाने करायच्या, हे मी एका चुकीतून शिकलो. माझ्या पहिल्या दोरीवर मी दर मीटरला काळी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळली होती. दिसायला झकास दिसत होती. महिन्याभराने खाऱ्या पाण्याने टेपच्या कडा सुटल्या आणि डिंक वितळून चिकट ओघळ आले. एका बुडीत मैत्रीण वर येताना आठ मीटरच्या खुणेवर थांबली. मी वरून पाहत होतो. तिच्या लॅन्यार्डचा (माणसाला दोरीशी जोडणाऱ्या पट्ट्याचा) कॅराबिनर, म्हणजे दोरीवरून सरकणारी उघडझाप होणारी कडी, टेपच्या सुटलेल्या कडेत शिरून तिरका झाला होता. तिने खाली बघितलं, हाताने कॅराबिनर सरळ केला, तो सुटला आणि ती वर आली. तीन-चार सेकंदांचा खेळ. त्या संध्याकाळी सगळ्या टेपा मी ब्लेडने खरवडून काढल्या. तेव्हापासून खुणा फक्त दोरीच्या शाईने करतो, नाहीतर बाहेरच्या वेष्टणातून सुईने ओवलेल्या रंगीत दोऱ्याने. बोटं फिरवली तर खूण हाताला लागता कामा नये.

पाण्याच्या रेषेपासून तळाच्या स्टॉपरपर्यंत (वजनाच्या जरा वर लॅन्यार्ड अडवणाऱ्या अडथळ्यापर्यंत) दोरीवर काहीही नको, ना गाठ, ना जोड, ना कडी. दोरी कमी पडली म्हणून दोन तुकडे बांधून वापरायचे नाहीत. नवी घ्या.

तळवजन: जडही नको, हलकंही नको

वजनाची किंमत पाण्यात मोजायची. ६ किलो शिसं पाण्यात साधारण साडेपाच किलोंनी ओढतं, कारण शिसं जागा फार थोडी घेतं. काँक्रीट जागा जास्त व्यापतं. तेवढीच ओढ मिळवायला जवळजवळ १० किलोंचा ठोकळा लागतो, आणि तो होडीतून उचलून नेण्याचा त्रास वेगळा. दगडांनी भरलेली पिशवी तर नकोच. ती फाटते आणि तळाला अडकते.

किती वजन घ्यायचं, याला खालची आणि वरची अशा दोन मर्यादा आहेत.

खालची मर्यादा बुडी घेणाऱ्यावरून ठरते. ६ लिटर हवा भरून घेतलेल्या आणि १० मीटरवर समतोल साधणाऱ्या (तिथे ना वर तरंगणाऱ्या, ना खाली बुडणाऱ्या) माणसाची फुप्फुसं तिथे ३ लिटरवर येतात. म्हणजे पृष्ठभागाजवळ तो नुसत्या हवेमुळे ३ किलोंनी हलका असतो, आणि वेटसूटमुळे आणखी एक-दोन किलोंनी. तो दोरी धरून स्वतःला खाली ओढतो, तेव्हा तेवढ्याच जोराने दोरी वर खेचली जाते. तळवजन त्याहून हलकं असेल तर माणूस खाली जाण्याऐवजी वजनच वर येतं, दोरी सैल पडते आणि तिचा वेढा पायाभोवती फिरायला मोकळा होतो. म्हणून पाण्यात पाच किलोंपेक्षा जास्त ओढ हवीच.

वरची मर्यादा वरच्या माणसाचे हात ठरवतात. २० मीटरवर त्याच माणसाची फुप्फुसं २ लिटरची झालेली असतात आणि तो दीड-एक किलोंनी जड असतो. तळवजन आणि तो मिळून सात किलो, वर पाण्याचा विरोध. हे सगळं न थांबता वर ओढता आलं पाहिजे. वजन जितकं जड तितकी दोरी सरळ, हे खरं. पण न उचलता येणारं तळवजन वरच्या माणसाच्या काही उपयोगाचं नाही. खूप खोल बुड्यांसाठी कप्पी आणि प्रतिभाराची यंत्रणा वापरतात. ती शिकलेल्या माणसांची गोष्ट आहे, आपल्या २० मीटरला तिची गरज पडत नाही.

आकार गोल आणि गुळगुळीत हवा. कंगोरे, हूक, लोंबणारे पट्टे नकोत.

स्टॉपर आणि लॅन्यार्ड

लॅन्यार्ड म्हणजे माणसाला दोरीशी जोडणारा छोटा पट्टा: एका टोकाला मनगटावर किंवा कमरेवर बसणारा वेल्क्रो, दुसऱ्या टोकाला दोरीवरून सरकणारा कॅराबिनर, मध्ये प्लॅस्टिकचं आवरण असलेली पोलादी तार. तार अशासाठी की ती मऊ दोरीसारखी पिळ्या खाऊन अडकत नाही. कॅराबिनर रुंद तोंडाचा आणि एका हाताने सुटणारा घ्या. स्क्रूने बंद होणारा घेऊ नका. वेल्क्रो डोळे मिटून, हातमोजे घालून, एका झटक्यात सुटला पाहिजे. हे उथळ पाण्यात वीस वेळा करून पाहा.

दोरी हाताशी असणं किती मोलाचं आहे, ते जुलै २०१७ मध्ये इजिप्तमधल्या दहाबच्या ब्लू होलमध्ये दिसलं. इटलीच्या फ्रीडायव्हर अलेसिया झेकिनी पाण्याखालची कमान पार करून बाहेर आल्या आणि वर नेणारी दोरी त्यांना सापडली नाही. सेफ्टी डायव्हर स्टीफन कीनन यांनी त्यांना गाठून वर आणलं. त्या वाचल्या, कीनन गेले. त्या दोघांइतका अनुभव आपल्यापैकी कुणाजवळ नाही.

स्टॉपर तळवजनाच्या सुमारे एक मीटर वर बसतो. त्याची कामं दोन: लॅन्यार्ड खाली वजनाच्या बांधणीत अडकू न देणं, आणि दोरी वर ओढली की कॅराबिनरला अडवून माणसाला बरोबर आणणं. टेनिसचा चेंडू यासाठी छान. दोरी जाईल एवढी आरपार भोकं पाडा, शिवाय पाणी आत शिरायला दोन-तीन जास्तीची भोकं पाडा, नाहीतर खोलीवर चेंडू चेपतो. चेंडूच्या लगेच खाली आठाची भक्कम गाठ मारा. मग कॅराबिनर लावून दोन्ही हातांनी पूर्ण जोर देऊन खेचा. चेंडू कॅराबिनरच्या तोंडातून निसटत असेल तर मोठा चेंडू किंवा प्लॅस्टिकची चकती लावा.

गाठी आणि वरचा जोड

तळवजनाला आठाची दुहेरी गाठ. शेपटी वीतभर ठेवून ती मुख्य दोरीला टेपने चिकटवा. इथे टेप चालते, कारण ही जागा स्टॉपरच्या खाली आहे. कापलेली टोकं वितळवून बंद करा. बोलाइन ही फासाची गाठ सोडायला सोपी असते, पण लाटांच्या ओढाताणीत स्वतःहून ढिली पडू शकते. म्हणून मी तळाला ती वापरत नाही.

वर, बोयाच्या कडीला, दोरी स्टेनलेस स्टीलच्या कॅराबिनरने जोडा. गिर्यारोहणाचा ॲल्युमिनियमचा कॅराबिनर स्टीलच्या कडीत अडकवून खाऱ्या पाण्यात ठेवला, तर दोन धातूंमुळे ॲल्युमिनियम पोखरलं जातं. खोली बदलायची तर दोरीवर नवी गाठ मारून ती वर घ्या आणि उरलेली दोरी गुंडाळून जाळीत ठेवा. खाली लोंबू देऊ नका.

लाटा असतील तर बोया आणि दोरी यांच्यामध्ये अर्धा मीटर लांबीची जाड बंजी (ताणली जाणारी रबरी दोरी) लावावी. ती हिसके खाते, दोरी शांत राहते. पण बंजी कधीतरी तुटतेच, म्हणून तिच्या बरोबरीने थोडा जास्त लांब, साध्या दोरीचा तुकडा कायम बांधलेला असू द्या.

पाण्यात मांडताना

तळवजन तळाला टेकवायचं नाही. टेकलं की लाटेच्या प्रत्येक उतारावर दोरी सैल पडते, ओहोटी लागली की आणखीच, आणि खाली प्रवाळ असेल तर त्याचा चुरा होतो. तळापासून तीन-चार मीटर वर ते मोकळं लटकू द्या. बोया वाहून जाऊ नये म्हणून नांगर हवा असेल तर त्याची दोरी वेगळी, बोयाच्या दुसऱ्या बाजूने दूर नेलेली. नांगराच्या दोरीवर बुडी मारायची नाही.

बोयावर झेंडा लावा: लाल चौकोनावर पांढरा तिरका पट्टा, किंवा आंतरराष्ट्रीय संकेतातला पांढरा-निळा अल्फा, म्हणजे ‘पाण्यात डायव्हर आहे, दूर राहून सावकाश जा’. तुमच्या किनाऱ्यावर कोणता चालतो ते आधी विचारून घ्या. शंका असेल तर दोन्ही लावा. काठी एवढी उंच की लाटेमागूनही दिसेल. शिट्टी आणि बोथट टोकाचा कटर जाळीत, शिवाय वरच्या जोडीदाराच्या अंगावर दुसरा कटर.

वजन सोडताना हातातून हळूहळू सोडा, फेकू नका. मग मास्क लावून दोरीकडे बघा. ती उभी आहे की तिरकी चालली आहे? पाण्याला ओढ असेल तर ती तिरपी होते. थोडी तिरपी चालते. पण खालची खूण बोयाच्या मागे बरीच लांब गेलेली दिसली, तर त्या दिवशी गाशा गुंडाळा. जास्त वजन लावून ती सरळ करायचा मोह होतो. तेच वजन नंतर वर ओढायचं आहे, हे विसरू नका.

परत आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा, कारण ऊन धाग्यांना कुजवतं. दोरी बोटांमधून पूर्ण फिरवा. कुठे मऊ, चपटी किंवा आतला गाभा दिसणारी जागा लागली तर ती दोरी बाद. वेल्क्रोमधली वाळू जुन्या टूथब्रशने काढा.

ओढून बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या लेखी जुळणी हिच्यानंतरच पूर्ण होते.

सरावाच्या दिवशी, पहिल्या खऱ्या बुडीआधी, एक जण लॅन्यार्ड लावून पाच-सहा मीटरवर जातो आणि अंग सैल सोडतो. त्याने लॅन्यार्डवरून इशारा केला की वरचा ओढायला लागतो. हात दोरीवर एकामागून एक, छाती बोयावर, पाय मोकळे. दोरी बोयावर जमते की पाण्यात पसरून पायात येते, ते बघा. स्टॉपरने कॅराबिनर पकडला का? बोया कलंडला का? ओढणाऱ्याचं तोंड पाण्याबाहेर राहिलं का? माणूस वर येताच एक हात त्याच्या हनुवटीखाली, डोकं मागे, मास्क काढायचा, डोळ्यांभोवती फुंकर, गालावर थोपटणं आणि नावाने हाक. हे सगळं करताना बोया तुम्हा दोघांना धरून ठेवतो की तुम्हालाच बोया धरून ठेवावा लागतो, हे तेव्हा कळतं. दुसरा प्रकार होत असेल तर बोया लहान आहे किंवा मुठी चुकीच्या जागी आहेत.

दोरी ओढणं हा दुसरा मार्ग, हेही ध्यानात असू द्या. नवख्यांच्या खोलीवर पहिला मार्ग जोडीदार स्वतः असतो. वर येणाऱ्याला तो साधारण १० मीटरवर भेटतो, समोरासमोर बरोबर वर येतो, आणि वर आल्यावरही अर्धं मिनिट त्याच्या तोंडावरून नजर काढत नाही. २० मीटरवर कुणी अडकलं आणि तिथवर पोचणं जमत नसेल, तेव्हा दोरी.

मग नुसतं तळवजन ठरवलेल्या पूर्ण खोलीवरून घड्याळ लावून ओढा. दम लागतो का, हात भरून येतात का, मध्ये थांबावं लागतं का? नंतर जागा बदला आणि दुसऱ्याला ओढू द्या. दोघांपैकी ज्याची ताकद कमी, त्याच्या हातांनी तळवजन ठरतं. त्याला न थांबता जमलं नाही, तर वजन खालच्या मर्यादेपर्यंत उतरवा आणि पुन्हा ओढा. तरीही जमत नसेल तर खोली कमी करा.